कोणती बघावी ते अक्काला विचारा

सीरियलींचे किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. आमच्या बैठकीतली सतरंजी उचलून झटकली की शेंगांची टरफलं पडतात, एखादी केसाची पिन पडते आणि दोन किस्से पडतात! कालचे झाडून काढावेत तर आजचे हजर. आता इतके साठलेत की पाय ठेवायला जागा नाही. म्हणलं, सांगूनच टाकावेत.

मी शाळेची पायरी चढलेली नाही. मी बोलायले आणि माझी सून लिहायली, तिचं नाव कविता. माझं बोलणं तिनं थोडं धुऊन, पिळून वाळत घातलंय. कुठं रंग गेला असंल तर तिला विचारा, मला नाही.

आमचं घर बिदरच्या बाहेर, कोळारच्या कारखान्यांच्या अलीकडच्या वस्तीत. भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याच्याखाली टीव्ही. संध्याकाळी वंदना झाली की टीव्ही लागतो आणि माणसं जमतात. माणसं म्हणजे कोण? मी, कविता, शेजारची शरणम्मा आणि समोरची हुसेनबी. शरणम्मा कानडीत रडते, हुसेनबी उर्दूत शिव्या देते आणि मी मराठीत निकाल लावते!

गल्लीत कुणाला नवी सीरियल धरायची असली की ते आधी माझ्याकडं येतात. "अक्का, कंची बघू?"

मी उलटं विचारते, "तुला झालंय काय ते सांग."

झोप लागत नसंल तर एक. सासूशी पटत नसंल तर दुसरी. लेक नांदायला गेली आणि घर खायला उठलं, तर तिसरी. डॉक्टर नाडी बघून गोळी देतो, मी तोंड बघून सीरियल देते. अन् गुण येतो, बरं का! उगाच का लोक दारात येतात?

फक्त माझ्याच घरातल्या एका दुखण्यावर मला औषध सापडत नव्हतं.

कविता बारावी शिकलेली. कोळारला बिस्किटाच्या कारखान्यात पॅकिंगला बाया घेतात, तिथं जायची तिची लई इच्छा. लेकरं शाळेत जातात, दिवस मोकळा, हातपाय धडधाकट. पण माझा मिलिंद! तो तिथल्याच एका गोदामाचा टेम्पो चालवतो. त्याचं एकच, "न्हाई. लोक काय म्हणतील?" पोरगं वाईट नाही. दारू नाही, जुगार नाही, बायकोवर हात नाही. पण एकदा 'न्हाई' म्हणला की त्याच्या टेम्पोला रिव्हर्स गिअरच नाही. कविता विचारायची, तो 'न्हाई' म्हणायचा, ती भांडी जोरात घासायची. सहा महिने आमच्या घरातली भांडी नुसती चकाकायलीत!

हा तिढा तेवढा ध्यानात ठेवा. बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूला घडलं.

*

आम्हा तिघी म्हाताऱ्यांना सीरियलींची नावं वाचता येत नाहीत. शरणम्माला कानडी अक्षरं जुळवता येतात, पण तिचं पहिलं अक्षर जुळेपर्यंत पाटी निघून जाते. म्हणून नावं आम्हीच ठेवतो. 'लाल दाराची', 'तीन जावांची', 'खोकणाऱ्या सासऱ्याची'. तो सासरा खोकून खोकून मेला, त्याला फोटोत जाऊन वर्ष झालं, तरी सीरियल अजून 'खोकणाऱ्या सासऱ्याची'च!

कविता लग्न होऊन आली ती लातूरकडून. कानडी एक अक्षर येत नव्हतं. नवी नवरी, हिरवा चुडा, माझ्यामागं भिंतीला टेकून बसलेली. 'लाल दाराची' लागली होती, ती कानडी. त्यात हिरोचा अपघात झालेला आणि त्याची बायको दवाखान्याच्या दारावर डोकं आपटत ओरडायली, "नन्न गंडा! नन्न गंडा!"

शरणम्मा पदर भिजवायली. मी बी डोळे पुसायले.

कविता माझ्या कानाशी लागली. "आत्या, हिला कोण गंडा घातलाय?"

मी म्हणलं, "अगं, फसवण्यातला गंडा न्हाई. कानडीत गंडा म्हणजे नवरा!"

कवितानं पुन्हा एकदा त्या बाईकडं बघितलं. मग म्हणली, "मग माझं चुकलं काय?"

शरणम्माचं रडं तिथंच थांबलं. ती जी हसत सुटली, ती टीव्हीतला हिरो शुद्धीवर आला तरी थांबेना! त्या दिवशी मी ठरवलं, ही सून आपल्या बैठकीतली.

*

हुसेनबीचं सीरियल तपासायचं माप एकच. गोष्ट कशी, हिरो कसा, साड्या कशा, तिला काही घेणं नाही. ती फक्त बघते, ताटातलं कुणी खातंय का!

"देखो अक्का," ती म्हणते, "इत्ता बड़ा टेबल, इत्ते कटोरे! बैठे, फोन आया, उठ गये. बैठे, बहू रोई, उठ गये. पकाने वाली का कुछ दिल है की नै?"

तिनं जन्मभर भरल्या घराचा स्वयंपाक केला. ताटात टाकलेलं अन्न तिला बघवत नाही. त्यामुळं तिच्या हातून एकही सीरियल पास होईना. कुणी विचारलं की, "नक्को देखो. कोई खाताच नै उसमें."

एक दिवस भर दुपारी ती अनवाणी पळत आली. ओढणी एकीकडं, ती एकीकडं. माझ्या मनात आलं, कुणाला काय झालं?

"अक्का, चलो! जल्दी चलो!"

"अगं काय झालं?"

"हमारे टीव्ही में एक आदमी बैठा, दो रोटी खाया, और मांगा भी!"

आम्ही तिघी चपला न घालता पळालो. जाईपर्यंत ते जेवण आटोपलं होतं. तो माणूस हात पुसत कुणाला तरी धमकी द्यायला लागला होता.

कविता म्हणली, "चाची, त्यो खलनायक हाय. मागच्या आठवड्यात सख्ख्या भावाचं घर जाळलाय त्यानं!"

"जलाया होगा," हुसेनबी म्हणली. "लेकिन अच्छे घर का है!"

*

शरणम्माचा नवरा बसप्पाअण्णा. डोळ्यात मोतीबिंदू पिकून पांढरा झाला, पण ऑपरेशनचं नाव काढलं की घोंगडं पांघरून झोपायचा. "डोळ्यात सुरी घालतेत म्हणं! मी आंधळा बरा!"

शरणम्मा माझ्याकडं आली. "अक्का, ह्यांना कायतरी द्या बघू."

मी 'डॉक्टरीणबाईची' दिली. लई गोड सीरियल. त्यातली डॉक्टरीण पेशंटचा हात धरूनच बोलते. ती इंजेक्शन देते तेव्हा बघणाऱ्याला सुद्धा बरं वाटतं. म्हणलं, आठ दिवस बघू दे, माणूस आपल्या पायानं दवाखान्यात जातो की नाही बघ.

दुसऱ्या दिवशी बसप्पाअण्णा काठी आपटत दारात! "अक्का, तुम्ही मला मारायला बघायलाव व्हय? मेलो तरी दवाखान्यात जात न्हाई!"

झालं होतं असं की त्याच वेळेला दुसऱ्या चॅनलवर पण एक डॉक्टरची सीरियल. त्या दवाखान्यात रोज एक पेशंट मरतो. पांढरा कोट घातलेला कुणीतरी मागच्या दारानं येतो, नळीत काहीतरी घालतो आणि जातो. शरणम्मानं नेमकी तीच लावली! आता माझं औषध बरोबर होतं, कंपाउंडरनं बाटली चुकीची दिली, त्याला मी काय करू?

पण गंमत पुढं. बसप्पाअण्णाला त्या खुनी सीरियलचा नाद लागला. टीव्हीला नाक लावून बसायचा. पण डोळ्यांपुढं सगळा धूर. "शरणम्मा, आत्ता आला त्यो कोण? मिशीवाला का चष्मेवाला?"

"मला काय म्हाईत! तोंड झाकलाय त्यानं."

"डोळे दिसायलेत का? डोळे कसे हायेत?"

"तुमचे तुम्ही बघा!" शरणम्मा वैतागून म्हणली.

आणि तो खरंच उठला. सकाळी धोतर नेसून, डोक्याला पटका बांधून दवाखान्यात जाऊन बसला. शरणम्माला मागनं पळावं लागलं.

ऑपरेशन झालं. पट्टी काढली. डॉक्टरसाहेबांनी हात पुढं धरला. "आजोबा, किती बोटं दिसतात?"

बसप्पाअण्णानं तो हात बाजूला सारला. "बोटं राहू द्या, साहेब. टीव्ही कुठं हाय?"

*

मादन हिप्परग्याला माझी धाकटी बहीण दिली आहे. तिला मी फोनवर 'तीन जावांची' धरायला सांगितली. तिनं तिच्या जावेला सांगितलं, जावेनं शेजारणीला. महिन्याभरात अर्ध्या गावाला लागण झाली!

तिच्या लेकीचं लग्न निघालं. आता आमच्या भागातलं लग्न म्हणजे पत्रिकेत दुपारची वेळ असते आणि नवरदेव संध्याकाळी उगवतो. वरातीत बँड, बँडपुढं पोरं, पोरांपुढं मोबाईल. कुणाला घाई नाही. जेवणाची पंगत बसेस्तोवर भात गार.

पण त्याच संध्याकाळी 'तीन जावांची'मधली थोरली जाऊ तुरुंगातून सुटणार होती!

नवरीकडच्या बाया घोळका करून वेशीत गेल्या. माझी बहीण सगळ्यात पुढं. बँडवाल्याला म्हणली, "दादा, वाजवायचं तर चालत चालत वाजव. थांबलास तर जेवण न्हाई!" नवरदेवाच्या मामाला म्हणली, "नाचायचं ते रातच्याला नाचा." नवरदेवाला तर हाताला धरून मांडवात आणला. तो बिचारा बूट सुद्धा नीट घालू शकला नाही.

लग्न लावायला आलेले गुरुजी चकित. त्यांची सवय उशिराची. ते अजून चहाच पीत बसलेले. माझ्या बहिणीनं हात जोडले. "गुरुजी, वंदना सावकाश घ्या. तिथं घाई नको. पण भाषणं तेवढी कमी करा."

गुरुजींनी इकडं तिकडं बघितलं. हळूच विचारलं, "थोरली आजच सुटणार ना?"

मादन हिप्परग्यात पत्रिकेतल्या वेळेला लागलेलं ते पहिलं लग्न! नवरीचे सासरे अजून सांगत फिरतात, "काय शिस्तीचे पाव्हणे मिळाले!"

*

एका संध्याकाळी ऐन रंगात करंट गेला. 'तीन जावांची'च चालू होती. मधली जाऊ नोकरीला निघालेली, खांद्यावर पिशवी. उंबऱ्यात सासू आडवी उभी. सासूनं तोंड उघडलं आणि टीव्ही बंद!

शरणम्मा कपाळ बडवायली. हुसेनबी लाइटवाल्यांच्या सात पिढ्या मोजायली. मी म्हणलं, "गप बसा गं. पुढचं मी सांगते."

अंधारात सगळ्या माझ्या बाजूला सरकल्या. मी सांगितलं, "सासूनं तोंड उघडलं. मधली म्हणली, 'सासूबाई, सरका. माझी गाडी यायली.' सासू तिच्याकडं बघतच राहिली. अन् सरकली! नुसती सरकली न्हाई. आत गेली, डबा आणून हातात दिली. म्हणली, 'तुझा डबा विसरलीस की गं, येडे!'"

अंधारात कविताच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या.

बाहेर बाजेवर मिलिंद पडला होता. तिथनं आवाज आला, "असं कुठं असतंय व्हय!"

मी म्हणलं, "तुला कोण इचारलंय? झोप!"

दुसऱ्या दिवशी खरा भाग लागला. त्यात सासू उंबऱ्यातच चक्कर येऊन पडली. मधलीनं पिशवी टाकली, सासूचं डोकं मांडीवर घेतलं, आणि नोकरी राहिली!

हुसेनबीनं रिमोट उचलून टीव्हीच बंद केला. "इनको नै मालूम. अक्काकाच सच्चा है."

तेव्हापासून आमच्या गल्लीत मधली जाऊ रोज नोकरीला जाते. परवा शरणम्माच्या माहेरची बाई आली होती, ती म्हणली, "अय्यो, मधलीला घरीच बसवलेत की हो!"

शरणम्मा म्हणली, "न्हाई गं. ती कामाला जाती. टीव्हीत उगी घरी दाखवायलेत!"

*

मग कवितानं मोबाईलवर कोरियाची सीरियल आणली. माणसं तिकडची, बोलणं हिंदी. आधी आम्ही नाकं मुरडली. शरणम्मा म्हणली, "ह्यांच्यात कोण कुणाचा, आपल्याला काय कळणार?"

पण पहिल्याच भागात हिरो घरी आला आणि दारात चपला काढला. शरणम्मा पुढं सरकली. मग ती माणसं खाली बसून जेवायला लागली. थोरल्यांच्या हातून घेताना दोन हात पुढं. त्याची आई भल्या मोठ्या बरण्यांत लोणचं भरायली, एकीकडं थोरल्या सुनेला टोमणे मारायली, आणि सून निघाली तर तेच लोणचं डब्यात बांधून द्यायली.

शरणम्मा म्हणली, "ही कुठली परदेशी माणसं? ही आपल्या भालकीकडची असतील!"

आणि हुसेनबी? ती मोबाईलला डोळा लावून बसलेली. तिथं सगळे ताटावर तुटून पडलेले. फुर्र फुर्र करत शेवया ओढायलेत, वाटी उचलून रस्सा प्यायलेत, पुन्हा वाढून घ्यायलेत!

तिनं दोन्ही हात वर केले. "अल्ला! मिल गये! खाने वाले लोगां मिल गये!"

आम्ही ती सगळी बघितली. एक दिवस हिरो-हिरोईनचं जमलं, गाणं लागलं, आणि मोबाईल काळा. कविता म्हणली, "संपली."

"संपली म्हणजे?" शरणम्मा उठून उभी राहिली. "संपली कशी? सासू अजून जिती हाय, लेकरू झालं न्हाई, नणंद आली न्हाई! आत्ता कुठं ओळख झाली, अन् संपली?"

तिनं दोन दिवस कविताशी बोलणं सोडलं. तिला वाटलं, पुढचे भाग कवितानंच लपवून ठेवलेत!

*

आता शेवटचा. हा आमच्या घरातला.

सगळ्यांना औषध देणारी मी, स्वतःच्या लेकापुढं हात टेकून बसले होते. सांगून झालं, रुसून झालं, एकदा जेवण सुद्धा सोडलं. मिलिंद 'न्हाई'वरून हलेना. आणि त्याला सीरियल द्यावी तर तो बघणार कशी? "सीरियल बायकांचं काम," असं म्हणून तो टीव्ही असलेल्या खोलीत बसायचा सुद्धा नाही.

तेवढ्यात एक नवी सुरू झाली. नवरा अंथरुणाला खिळतो आणि बायको त्याचा टेम्पो चालवायला घेते. आम्ही नाव ठेवलं, 'टेम्पोवालीची'. मी म्हणलं, हेच ते!

मी मिलिंदला 'बघ' म्हणले नाही. 'बघ' म्हणलं असतं तर तो गावाला गेला असता. मी फक्त तो कामावरनं यायच्या वेळेला टीव्हीचा आवाज वाढवून ठेवायला लागले. तो यायचा तेव्हा अर्धा भाग होऊन गेलेला असायचा.

पहिल्या दिवशी तो मोटरसायकल लावून हेल्मेट काढत दारात थबकला. "आये, ही बाई क्लच न दाबताच गिअर टाकायली बघ!"

मी म्हणलं, "असं व्हय? आम्हाला काय कळतंय!"

दुसऱ्या दिवशी, "आरसा न बघता गाडी मागं घेती! कुणी शिकवलंय हिला?"

तिसऱ्या दिवशी तो चुका काढायचं विसरला. दारात उभाच राहिला. रोज तसंच चालू झालं. हातात हेल्मेट, एक पाय आत, एक पाय बाहेर. "बस की रे," म्हणलं तर, "न्हाई, मी पाणी प्यायला आलोय." पाणी कुणी दिलं तर प्यायचा नाही!

इकडं कविता मात्र कोमेजत चालली होती. रात्री जेवताना दोघांची कुजबुज ऐकू यायची. मी माझ्या खोलीतनं कान लावायची, पण शब्द कळायचे नाहीत. मला वाटायचं, तोच वाद. नोकरीचाच.

आणि मग आमच्या गल्लीतली संगीता आली. ती त्या बिस्किटाच्या कारखान्यात पॅकिंगच्या बायांवर लक्ष ठेवते. ती म्हणली, "वहिनी, सोमवारी दोन बाया घेणार हायेत. मी तुझं नाव धरून ठिवलंय. पण आता शेवटचं. ह्या वेळेला न्हाई आलीस तर मी पुन्हा इचारणार न्हाई. दुसऱ्या बी बाया वाट बघायल्यात."

त्या रात्री कवितानं विचारलं. मिलिंद म्हणला, "न्हाई." कवितानं भांडी घासली नाहीत. तशीच पडू दिली. ते बघून मला जास्त भ्या वाटलं.

शनिवार उजाडला. संध्याकाळी बैठक भरली. संगीताला आजच हो का न्हाई कळवायचं होतं, आणि कविता भिंतीला टेकून बसलेली. बघत होती टीव्हीकडं, पण बघत नव्हती.

'टेम्पोवालीची'त त्या दिवशी नवरा बरा होऊन उठलेला. अन् उठल्या उठल्या काय केला? टेम्पोची चावी काढून घेतला, कंबरेला खोवला! म्हणला, "बस झालं. आता तू घरात बस. बाई गाडी चालवायली, लोक काय म्हणायलेत ठाऊक हाय का?"

ती टेम्पोवाली गप उभी. डोळ्यात पाणी. शरणम्मा मुसमुसायली. हुसेनबी दात खायली.

आणि दारातून एकदम आवाज फुटला!

"अरे लोक काय म्हणतेत म्हणं! लोक डिझेल घालायलेत का रे तुझ्या गाडीत? मरत पडलास तवा घर कोण चालवलं? ती चांगली चालवायली की! चावी दे तिला!"

आम्ही चौघींनी माना वळवल्या. मिलिंद दोन्ही पाय आत, हेल्मेट टीव्हीवर रोखलेलं, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या.

टीव्हीत जाहिरात लागली. कपड्याच्या साबणाची. ती बाई गाणं म्हणत पांढरे शर्ट वाळत घालायली, आणि तिच्याकडं कुणी बघंना.

पहिली हुसेनबी बोलली. हळू, गोड आवाजात. "मिलिंद बेटा, वो टीव्हीवाला तो सुन्या नै. ये घरवाला सुन्या क्या?"

मिलिंदनं आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी छताकडं बघायले. शेवटी त्यानं कविताकडं बघितलं. ती त्याच्याकडंच बघत होती, पापणी न हलवता.

त्यानं हेल्मेट हातात फिरवलं. एकदा, दोनदा. कानाच्या पाळ्या लाल.

"सोमवारी किती वाजता जायचंय?" तो म्हणला.

"सकाळी गाडी येती. कोपऱ्यावर," कविता म्हणली. "यायला अंधार पडतो."

"जा मग."

शरणम्मानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. हुसेनबीनं माझ्या मांडीवर असा फटका मारला की अजून दुखतो! मी मात्र छत सोडलं नाही. आता काही बोलले आणि ह्यानं फिरवलं तर?

मिलिंद आत जायला वळला. दोन पावलं गेला. थांबला. पुन्हा माघारी आला, कविताजवळ वाकला आणि त्याला वाटलं आपण हळू बोलायलो, पण शेजारी बसप्पाअण्णाला सुद्धा ऐकू गेलं.

"पण मग मी यायच्या आधी सीरियलीत काय काय झालं, ते जेवताना मला कोण सांगंल?"